आबा देवाला गेलेत

ज्या माणसाच्या हातच्या रश्श्यावर आमची खानावळ चालली, त्या माणसाला मी माझ्या तोंडानं घालवलं. हे वाक्य आजवर मी कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, मुलांपुढे नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही मी दुसरंच काहीतरी मागून उठतो.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं की खानावळीच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं लिहा, दिवाळीत वाचायला बरं वाटेल असं. मी हो म्हणालो आणि गमतीचं लिहायलाच बसलो होतो. तेही थोडं लिहितो. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमची खानावळ जालन्यात, कापसाच्या जिनिंगच्या रस्त्याला. मामांनी काढलेली. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून बहिणीच्या मुलाला, म्हणजे मला, त्यांनी हाताशी धरलं. तेव्हा राज्य हैदराबादचं. दारावरची पाटी उर्दूत, भिंतीवरचा इजाजतनामा उर्दूत, आणि आतली आरडाओरड मराठीत. खानावळ म्हणजे एरवी एकट्याची जागा. परगावचा माणूस येतो, भिंतीकडे तोंड करून जेवतो, निघून जातो. मामांचं डोकं वेगळं चालायचं. जिनिंगचं एक जुनं गोदाम पाडलं, तेव्हा त्याच्या दाराची सागवानी फळी त्यांनी उचलून आणली, खाली पाय ठोकले आणि लांबलचक टेबल केलं. म्हणाले, दोस्तमंडळींनी मिळून यावं, ऐसपैस बसावं, घरी बायका बोलू देत नाहीत ते इथं बोलावं.

मंडळीला जेवू घालणं हे वेगळंच काम आहे. एकटा माणूस आल्याबरोबर ताट मागतो. मंडळी आल्याबरोबर पाणी मागते आणि भांडायला लागते, की सुकं घ्यायचं का रस्सा. त्यांना त्या वेळी काही विचारायचं नसतं. कांदा-लिंबू पुढे ठेवून द्यायचं, म्हणजे हाताला काम मिळतं. मंडळीत एक जण मोठ्यानं हुकूम सोडत असतो. त्याच्याकडे बघून मान हलवायची, पण डोळा कोपऱ्यात गप बसलेल्यावर ठेवायचा, कारण शेवटी उठून गल्ल्याकडे तोच येतो. आमच्याकडे रस्सा वाट्यांतून देत नसत. एक भगुणं भरून टेबलाच्या मधोमध ठेवायचं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचा. भाकरी मात्र एकेक, तव्यावरून सरळ ताटात. चवड लावून ठेवली की भाकरीला घाम येतो आणि मंडळीचा आवाज खाली येतो. हे मामांनी मला शिकवलं. बाकी सगळं मी आचाऱ्याकडून शिकलो.

आचाऱ्याचं नाव अब्बास. कुंभार पिंपळगावचे. धोतर, बंडी, डोक्याला फडकं, बोलणं अस्सल आपल्याकडचं. त्यांची आई गावात पाटलांच्या लग्नकार्यात वाटणघाटणाला जायची, तिच्या मागं मागं फिरून हे शिकले. त्यांच्या रश्श्यात येसर असायचा. धान्य आणि मसाले भाजून दळलेला येसर आपल्याकडे लग्नाच्या आमटीत घालतात. मटणाच्या रश्श्यात तो घालणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता. पहिल्या घासालाच लग्नघरातला वास यायचा.

ते कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बसल्या जागेवरून विचारलं होतं, आचारी कोण आणलाय? मामा म्हणाले, अब्बास. आत भाकरी थापल्याचा आवाज चालू होता. विचारणाऱ्याला ऐकू गेलं ते आबा. तो म्हणाला, आबा का? बरं, बरं. मामांनी दुरुस्त केलं नाही. त्या काळी मटणावर सुरी मुलाण्याचीच फिरायची आणि ती सगळ्यांना चालायची. मुलाण्यानं कापलेलं नसेल तर आमच्याकडची मराठा मंडळीसुद्धा तोंडाला लावत नसत. पण शिजवलेलं ताट आणि पाण्याचा तांब्या मुसलमानाच्या हातचा आहे म्हटलं असतं, तर निम्मं टेबल उठून गेलं असतं. असे अब्बासभाई बाहेर आबा झाले. चुलीच्या खोलीला किलतानाचा, म्हणजे गोणपाटाचा, पडदा होता, त्याच्या आत आम्ही त्यांना अब्बासभाईच म्हणायचो. पडदा ओलांडला की जीभ आपोआप बदलायची.

शुक्रवारी दुपारी ते मागच्या दारानं नमाजाला जायचे. त्या वेळी कुणी विचारलं तर मामा सांगायचे, आबा देवाला गेलेत. यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, शुक्रवारी जातात म्हणजे देवीचे भक्त दिसतात. मामा म्हणायचे, लई कडक आहेत.

रमजानात पंचाईत व्हायची. रोजा असताना मीठ बघणार कसं? मग अब्बासभाई पळीभर रस्सा माझ्यापुढे धरायचे. "चाख रे गणू. घाई करू नको. जिभेच्या शेंड्यावर काय लागून राह्यलं ते सांग, मंग मागं काय लागतंय ते सांग." मी सांगेन तसा त्यांचा हात चालायचा. महिनाभर त्यांची जीभ मी असायचो. आज आमच्याकडे जो रस्सा होतो तो मी करतो, आणि मला तो कुणी लिहून दिलेला नाही, तो असा आलेला आहे.

लांब टेबलावरची सगळ्यात नेमाची मंडळी म्हणजे नारायण फिटरची. फिटर जिनिंगमध्ये यंत्रावर होता. बाकीचे कुणी सरकीच्या व्यापारातले, कुणी वखारीतले. बाजारच्या दिवशी दुपारी ठरलेली बैठक. फिटरचा आवाज मोठा आणि मन बरं. भगुणं रिकामं झालं की पडद्याकडे तोंड करून ओरडायचा, "आबा, तुमाला पोरगी असती तर मी जावईच झालो असतो. हुंडा न्हाई, निस्तं भगुणं मागितलं असतं." टेबल खदखदायचं. आत अब्बासभाई पळीनं भगुण्यावर टण करून वाजवायचे, एवढंच त्यांचं उत्तर. त्यांना पोरगी होती. तेव्हा रांगत होती.

मामा गेले आणि त्यांच्यामागं थोड्याच महिन्यांत देशातून इंग्रज गेले. आपल्या राज्यात मात्र ते स्वातंत्र्य आलं नाही. पुढे काय झालं ते मोठ्या माणसांनी लिहून ठेवलंय. मी गल्ल्यावरून जेवढं दिसलं तेवढं सांगतो. लोकांनी हळू आवाजात जेवायला सुरुवात केली. मंडळी यायची, पण दोन-तीन जण आधी, बाकीचे मागून, जसं काही एकमेकांना ओळखत नाहीत. पोलिसांच्या अमीनानं मला बोलावून तंबी दिली की तुझ्याकडे जमाव जमतो. मी म्हणालो, साहेब, जेवणाऱ्यांचा कसला जमाव? तो म्हणाला, जेवताना काय बोलतात ते सांगत जा. मी जी म्हणालो, आणि कधी गेलो नाही. पण पुन्हा बोलावणं येईल या धास्तीनं रोज दुकान उघडत होतो. कधी एखादा अनोळखी माणूस लांब टेबलाजवळ बसायचा, कांदा मागून घ्यायचा आणि खायचा नाही. कांदा मागून जो खात नाही तो जेवायला आलेला नसतो. मी फिटरच्या ताटात भाकरी टाकताना पाय घासायचो. तो विषय बदलून सरकीच्या भावावर यायचा.

मग खाकी कपड्यांतली ती माणसं गावात फिरायला लागली. सरकारी फौज नव्हे, राज्य राखायला हौसेनं हत्यार धरलेले. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानं फुटली, कडब्याच्या गंज्या पेटल्या, हद्दीपलीकडच्या मुलखात जमेल तसे लोक निघून गेले. एका दुपारी ते आमच्याकडे आले. लांब टेबलावरच बसले, तीही एक मंडळीच. मला वाटलं, आता हे खातील आणि जाताना पेटवतील. भगुणं ठेवताना माझ्याकडून टेबलावर रस्सा सांडला. त्यांच्यातल्या पुढाऱ्यानं चव घेतली आणि विचारलं, बावर्ची कौन है?

मी म्हणालो, "जी, अब्बास. अपने अब्बासभाई."

त्यानं अब्बासभाईंना बाहेर बोलावलं. गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, पाठीवर हात मारला. जाताना मला म्हणाला, यहाँ कोई तकलीफ नहीं होगी. आणि झाली नाही. शेजारचं भुसार दुकान लुटलं, पलीकडचा कापडवाला परागंदा झाला, आमच्या दाराच्या फळ्यांना कुणी हात लावला नाही.

ते गेल्यावर मला हलकं वाटलं. अब्बासभाई चुलीपुढे बसून होते.

"गणू, मला त्यांच्यात कशाला मोजलास?"

मी म्हणालो, "मला भ्या वाटलं, अब्बासभाई."

"भ्या मलाबी वाटून राह्यलंय. पर मी कुटं तुजं नाव पुढं केलं?"

अब्बासभाई उठले. संध्याकाळच्या पिठाला हात घातला.

हिंदुस्थानच्या फौजा आल्या तेव्हा ते राज्य बघता बघता कोसळलं. लोकांनी गूळ वाटला, पेढे वाटले, मीही वाटले. फिटरनं भर रस्त्यात मला मिठी मारली. आनंद खोटा नव्हता. पण त्याच दिवसांत खेड्यांतून बातम्या यायला लागल्या. इतके दिवस ज्यांनी भोगलं होतं त्यांच्यातले काही आता हिशेब करायला निघाले होते, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्या वस्त्यांवरही जात होते. अब्बासभाई मान खाली घालून मागच्या दारानं येत होते, मागच्या दारानं जात होते. त्यांच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांना कुलपं लागली होती. मी त्यांना म्हणालो, तुम्हीही कुठं निघून जाता का? ते म्हणाले, आमच्या गल्लीतबी मला समदे आबाच म्हणतात आता, मला कोण काय करतंय.

खरंच होतं. गावाच्या लेखी ते आबाच होते. ते नाव त्यांना पुरलं असतं.

फिटरची मंडळी आली ती बाजारच्या दुपारीच. भगुणं मधोमध ठेवून मी वळलो तर फिटर म्हणाला, "गणपा, बस." त्यानं मला आजवर कधी बस म्हटलं नव्हतं. मी बाकड्याच्या टोकाला टेकलो.

"एक इचारू का? समदी दुकानं फुटली. तुज्या दाराला कुणी बोट न्हाई लावलं. कसं काय?"

मी म्हणालो, नशीब.

"नशीब बराबर तुज्याच दारात येऊन बसलं का?"

कुणी हसलं नाही. त्यांच्यातला वखारवाला म्हणाला की अमीनानंबी तुला बोलावल्तं असं ऐकलंय. सगळे माझ्याकडे बघत होते. याच माणसांच्या ताटात भाकरी टाकता टाकता मी त्यांना सावध केलं होतं, आणि तेच आता मला खबऱ्या समजत होते. खबऱ्या ठरलेल्या माणसाचं त्या दिवसांत काय होत होतं ते मी ऐकून होतो.

खरं उत्तर सोपं होतं. ती माणसं आली, जेवली, त्यांना रस्सा आवडला, गेली. आबांच्या रश्श्यानं वाचलो, एवढं म्हणालो असतो तर फिटर कदाचित हसला असता. तेही खोटं नव्हतं. मी ते म्हणालो नाही.

मी म्हणालो, "आपला आचारी त्यांच्यातला हाय. आबा न्हाई, अब्बास. त्याच्यामुळं वाचलो."

मी फक्त धर्म सांगितला असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पण "त्यांच्यातला" या शब्दाचा त्या दिवसांत एकच अर्थ होत होता, आणि तो मला माहीत होता.

फिटरनं ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "अब्बास." मग ताट हळूच पुढे ढकललं. "किती वर्सं झाली? किती वर्सं खाऊ घालून राह्यला तू आमाला?"

"मामांनी ठेवलेला," मी म्हणालो. मेलेल्या माणसालाही मी सोडलं नाही.

ते उठले. मोरीवर जाऊन एकेकानं हात धुतले, जेवले नव्हते तरी. फिटर सगळ्यात शेवटी निघाला. पडद्याकडे एकदा बघितलं आणि पायरी उतरला.

आतला पळीचा आवाज कधीच थांबला होता. मी पडदा सारला. अब्बासभाई चुलीपुढे उकिडवे बसले होते.

"जेवले का?"

"न्हाई."

"भगुणं?"

"तसंच हाय."

ते बाहेर आले, रिकाम्या टेबलावरून दोन्ही हातांनी भगुणं उचलून आत नेलं, झाकण घातलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे मला कळत होतं, आणि मला कळलंय हे त्यांना. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गणू, दोन-चार दिस मी हितंच पडू का? वर माळ्यावर कांद्याच्या पोत्यामागं जागा हाय. पोरीला आन् तिच्या आईला मंठ्याला धाडतो."

माळ्यावर जागा होती. शिडी काढून ठेवली असती तर तिथं माणूस आहे हे कुणाला कळलं नसतं.

मी म्हणालो, "हितं नको. ते परत येतील. तुम्ही घरीच ऱ्हावा. चार दिवस हिकडं येऊ नका."

ते परत येतील ही भीती खरी होती. पण ती मला माझ्यासाठी वाटत होती.

"बरं," अब्बासभाई म्हणाले. पळी धुतली, खुंटीला अडकवली आणि मागच्या दारानं गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत माणसं गेली. कोण होती ते मला माहीत नाही. त्यांच्यात फिटरच्या मंडळीतलं कुणी होतं का, हे मी कधी विचारलं नाही. न विचारायची सोय मला हवी होती. अब्बासभाईंना आणि आणखी दोघांना घरातून काढून कुंडलिका नदीच्या पलीकडे नेलं. त्यातलं कुणी परत आलं नाही. दफनही झालं नाही, कारण काही सापडलं नाही.

मी चार दिवस दुकान बंद ठेवलं. लोक म्हणाले, गणपतरावांना आचाऱ्याचं वाईट वाटलं. मग मी स्वतः चुलीपुढे बसलो. पहिल्या दिवशी चव घ्यायला पळी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. बिनचाखता वाढलं. मीठ बरोबर झालं होतं.

फिटर बऱ्याच महिन्यांनी आला, एकटा. भिंतीकडे तोंड करून बसला. जेवून झाल्यावर म्हणाला, पहिल्यासारखा न्हाई लागत. मी म्हणालो, न्हाई. त्याच्यानंतर तो येत राहिला, पण लांब टेबलावर पुन्हा बसला नाही. तो मेला तेव्हा मी खांदा द्यायला गेलो होतो. आमच्यात त्या दुपारबद्दल कधी एक शब्द झाला नाही. त्या टेबलावरच्या कुणीच तो विषय कधी काढला नाही. ज्यांना माहीत होतं त्यांना बोलणं सोयीचं नव्हतं, आणि माझं फावलं.

आता नवी मंडळी येतात, कॉलेजची पोरं, कचेऱ्यांतले कारकून. लांब टेबल अजून तेच आहे. रश्श्याचं कौतुक झालं की मी म्हणतो, मामांच्या वेळची चव आहे. धंद्याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. माझ्या टेबलावर जुळलेल्या सोयरिकी आहेत, मिटलेली भांडणं आहेत. संपादकांना हवे होते ते किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण एकही सांगायला घेतला की त्याच्या आत कुठंतरी पडद्याआडून पळी वाजते, म्हणून मी दरवर्षी नाही म्हणत आलो. यंदा हो म्हणालो.

राहिलं ते सांगतो. दुकान पुन्हा उघडल्यावर थोड्याच दिवसांत हमीदाभाभी, अब्बासभाईंची बायको, मागच्या दाराशी आल्या. पोरीचं बोट धरलेलं. आत या म्हणालो तर आल्या नाहीत.

"भैया, गावात समद्याला त्यांचं नाव आबाच म्हाईत होतं. दारात आलेली माणसं अब्बास अब्बास करून हाका मारत होती. त्यांना कुणी सांगितलं आसंल?"

मी म्हणालो, "म्हाईत न्हाई, भाभी."

"तुमच्याकडं समदं गाव जेवाया येतं. कधी ना कधी कानावर येईल तुमच्या. आलं तर सांगा. मला भांडायचं न्हाई कुणाशी. निस्तं म्हाईत पायजे. तुमच्यावर त्यांचा लई जीव होता, म्हणून तुमाला सांगून राह्यले."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या जाफराबादला भावाकडे गेल्या. अजून तिथंच असतात. पोरीचं लग्न झालं, असं तिकडून मिरच्या घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याकडून कळलं. एकदा मीच मिरच्यांचं निमित्त करून जाफराबादला गेलो, स्टँडवर उतरलो, त्यांच्या मोहल्ल्याची वाट विचारली आणि त्याच गाडीनं परत आलो. त्यांना मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे छापून आलं तरी आपण होऊन त्यांच्यापर्यंत जाणार नाही. छापून मोकळं होता येणार नाही, हे मला लिहितानाही माहीत आहे.

कुणी सांगितलं, असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी सांगतो म्हणालो होतो. ते उत्तर मी हमीदाभाभींना देणं लागतो, त्यांच्या दारात उभा राहून, माझ्या तोंडानं. अजून दिलेलं नाही.